ठकीचा उपास

कोंबडीची गळ्याखालची दाण्याची पिशवी सकाळी रिकामी असायला हवी, हे शालनकाकूंना लहानपणापासून माहीत. जयपूरला बनी पार्कातल्या घराच्या मागच्या अंगणात त्या रोज उजाडताच आपल्या एकुलत्या कोंबडीच्या, ठकीच्या, छातीवरून हात फिरवत. त्या मंगळवारी बोटांना लिंबाएवढा घट्ट गोळा लागला.

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी ठकीची चोच उघडली. घशात अडकलेला एक तपकिरी धागा चिमट्याने ओढून काढला, तेव्हा काकूंनी तो लगेच ओळखला. जयपूरची थंडी यंदा फार म्हणून त्यांनी नारळाच्या शेंड्या पिंजून खुराड्यात अंथरल्या होत्या. कोकणात, माहेरी देवरुखला, आई तसंच करायची. पण तिथल्या कोंबड्या दिवसभर परसात हिंडत. इथे कोंडलेल्या ठकीने अंथरूणच टिपून खाल्लं होतं.

दाणा बंद, पाणी चालेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. दिवसातून चारदा दोन थेंब तेल पाजून गोळा हलक्या हाताने चोळायचा. तीन दिवसांत सुटला नाही तर चिरून काढावा लागेल, पण ती सात वर्षांची आहे, तग धरेल असं नाही.

काकू चोळत बसत, आणि बोलत. यजमानांना, उमाकांतरावांना, हल्ली ऐकू येत नव्हतं. मुलगी तनया फोनवर अर्ध्या वाक्यातच हिंदीवर जाई. सबंध मराठी ऐकणारी ठकीच उरली होती. मान तिरकी करून ऐकायची.

गोळा तसाच राहिला. भरल्या पिशवीने ठकी उपाशी होती. काकूंच्या पायातली जोडवी दाणे समजून टोचत राहायची. शुक्रवारी डॉक्टरांनी तिला तोललं, छातीचं हाड चाचपलं आणि म्हणाले, अंगात काही उरलेलं नाही, आता चिरता येणार नाही.

घरी आल्यावर काकूंनी वाटीत तांदळाच्या कण्या घेतल्या.

उमाकांतराव दारातून म्हणाले, "अगं, दाणा बंद सांगितलाय ना?"

"मीच घातलं होतं ते अंथरूण," काकू म्हणाल्या.

"काय?"

काकूंनी कण्या तळहातावर ओतल्या. तळहात पुढे केला. ठकी धडपडत उठली आणि घाईघाईने कण्या टिपू लागली. प्रत्येक कणी घशातून उतरताना दिसत होती. काकू हात न हलवता बसून राहिल्या, आणि वाटी संपेपर्यंत एकही शब्द बोलल्या नाहीत.