माजी आमदारांची सीट

तेव्हा मी चंद्रपूर-गडचिरोली एसटीवर कंडक्टर होते. एका दुपारी मूलच्या अलीकडे एक मोठी पांढरी गाडी बॉनेट उघडून उभी दिसली. गाडीशेजारी उभा माणूस हात दाखवत होता, म्हणून ड्रायव्हरभाऊंनी बस थांबवली. वर चढले ते एके काळचे आमदार, आणि त्यांच्यामागे त्यांची बॅग घेतलेला एक कार्यकर्ता.

माजी आमदाराला एसटीचा प्रवास फुकट, सोबत्यालाही फुकट. नियमच तसा, त्याला मी काय करणार? पुढे आमदारांसाठी राखीव सीट असते. सुटताना स्टँडवर कोणी आमदार आला नाही, की ती सगळ्यांची. त्या दिवशी मीच तिथं एका म्हाताऱ्या बाईला आणि तिच्या नवऱ्याला बसवलं होतं. चंद्रपूरला डायलिसिस करून दोघं सावलीकडच्या आपल्या गावी निघाले होते. तिच्या हाताला पट्टी होती आणि मान नवऱ्याच्या खांद्यावर कलली होती.

"उठा बाबाजी, साहेबांची सीट आहे," कार्यकर्ता म्हणाला.

मी काही बोलायच्या आत म्हातारी उठलीसुद्धा. "बसू द्या त्याइले. मोठे माणूस हायेत."

साहेब बसले. शेजारी कार्यकर्ता आणि त्याच्या मांडीवर बॅग. म्हातारीला मी माझ्या सीटवर टेकवलं. तिचा नवरा दांडा धरून उभा राहिला. माझी कानशिलं तापली होती, तरी मी मुकाट्यानं तिकिटं काढायला लागले.

बायांना अर्धं तिकीट देताना साहेबांनी पाहिलं. "सरकारनं बायांले सवय लावून देली," ते कार्यकर्त्याला म्हणाले, "म्हणून एसटी डुबून राह्यली." मग फोन लावला आणि सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात कोणाला तरी विचारलं, "आमच्या पेन्शनवाढीचं काय झालं? एवढ्यात कुठी भागते आता?"

तिथं माझा संयम सुटला.

"साहेब, ह्या बाया अर्धे पैसे देऊन राह्यल्या. तुम्ही किती देले?"

त्यांनी फोन खाली घेतला. "कोणाशी बोलून राह्यली, मालूम आहे का तुले?"

"मालूम आहे. आमच्या पैशावर पेन्शन खाणाऱ्याशी. एकदा निवडून आले, जन्माची सोय झाली. आमचा ड्रायव्हर सारी जिंदगी स्टेअरिंग धरून रिटायर होते. त्याचं कशात भागते, ते इचारलं काय कधी?"

मागून एक बाई ओरडली, "बराबर बोलली बाई!" मग बरेच जण बोलायला लागले. साहेब कार्यकर्त्याला घेऊन मूलच्या स्टँडवर उतरून गेले. मी म्हाताऱ्याला आणि त्याच्या बायकोला पुन्हा त्या सीटवर बसवलं.

दुसऱ्या दिवशी डेपोत मॅनेजरसाहेबांनी मला बोलावून घेतलं. आमचे हे साहेब तसे वाईट नव्हते. "माफी लिहून दे, मिटून जाईल. वरून फोन आहे."

"कोणत्या गोष्टीची माफी?"

"प्रवाशाशी उद्धट बोलली म्हणून."

"मंग त्या म्हातारीची माफी कोण मांगन?"

मी माफी लिहिली नाही. माझी वेतनवाढ रोखली आणि बदली केली अहेरीला. मुलीची दहावी तोंडावर होती. तिला बहिणीकडे ठेवून मी एकटीच गेले.

निघण्याआधी, माझ्या बदलीचं ऐकून तो म्हातारा डेपोत आला होता. बायकोला दवाखान्यात मशीनवर सोडून, माझ्यासाठी बोलायला. मॅनेजरसाहेबांनी त्याला चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि रवाना केलं.

बाहेर येऊन तो मला म्हणाला, "आमच्यापायी तुमचं नुकसान झालं बाई. माफ करा."

माझा संताप पुन्हा उसळला. ज्याला सीटवरून उठवलं, तोच हात जोडून उभा होता.