वीस प्रतींची निवडुंगबाग

कसबा पेठेतल्या बापूरावांच्या मते पुण्यात शहाणा माणूस एकच, आणि तो रोज सकाळी त्यांच्याच आरशात दिसायचा. चाळीस वर्षं त्यांनी लग्नपत्रिकांसाठी लाकडी ठसे कोरले. चित्र दुसऱ्याचं, नाव छापखान्याचं. पुढे संगणक आले आणि काम गेलं. "बटणं दाबणारी जमात!" म्हणून ते नाक मुरडायचे, पण जुना एकही ठसा कोणाला फेकू द्यायचे नाहीत.

भाचा पियुष आयटीतला. त्यानं बिबवेवाडीत गच्चीवर वाळू पसरून निवडुंगांची वाळवंटी बाग केली. "फुलं महाग झाली म्हणून काटे लावलेस का रे गाढवा?" असं म्हणत बापूराव बघायला गेले आणि चार तास जागचे हलले नाहीत. घरी येऊन त्यांनी शिसवाची फळी काढली आणि तीन महिने तीच बाग कोरत बसले. शाई लावायची, कागद ठेवायचा, वाढायच्या डावाच्या पाठीनं घासायचा, अलगद उचलायचा. अहाहा, काय बाग उतरली! काट्याकाट्यावर ऊन.

पियुषनं ते चित्र प्रदर्शनं भरवणाऱ्या सलोनीबाईंना दाखवलं. त्यांनी वीस प्रती मागितल्या. जन्मात पहिल्यांदा बापूरावांचं नाव भिंतीवर लागलं, तेही हातभर अक्षरांत. म्हातारा आतून पार विरघळला. वरून म्हणाला, "अक्षर भिकार आहे."

उद्घाटनाला बाईंनी तो ठसा टेबलावर मांडला. "आता आपण यावर आडवा घाव घाला. म्हणजे एकविसावी प्रत निघणार नाही आणि या विसांचं मोल टिकेल. तसा रिवाजच आहे."

"कुठल्या मूर्खांचा?"

"काका, नाहीतर चित्रं उतरवावी लागतील," बाई म्हणाल्या. "नावही."

बापूरावांनी भिंतीकडे पाहिलं. पाच-पन्नास मोबाइल वर झाले. नालायकांनो, तमाशा बघायला आलात होय, असं मनात म्हणत त्यांनी कोरायची पटाशी उचलली आणि निवडुंगांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला.

खंडेनवमीला, हत्यारं पुजायच्या दिवशी, त्यांच्या पत्नीनं, मुक्ताईंनी, पटाश्या आणि ठसे पाटावर मांडले. त्या निवडुंगाच्या ठशाला कुंकू लावायला वाकल्या, तोच बापूरावांनी तो उचलून छातीशी धरला.

"अहो, हे काय?"

"याला राहू दे," बापूराव म्हणाले. "चार अक्षरांसाठी मी याच्या गळ्यावर पटाशी फिरवली. याच्यापुढे हात जोडायची माझी लायकी नाही."