कमरेपर्यंतच

वाळू माणसाला गिळत नाही. हे मी कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीतल्या ज्येष्ठांच्या मंडळात चाळीस मिनिटं सांगितलं. शाल-श्रीफळाची मी आयुष्यभर चेष्टा केली. त्या दिवशी मात्र शाल खांद्यावर पडल्यावर कापड हलकं नाही ना, एवढं बोटांनी चाचपून पाहिलं.

वाळूच्या किंवा गाळाच्या कणांत पाणी अडकतं, कण एकमेकांवर नीट टेकत नाहीत. वरून जमीन घट्ट दिसते, पाय पडला की तिचं पातळ पिठलं होतं आणि मग तेच पायाभोवती आवळून बसतं. पण माणूस त्या पिठल्यापेक्षा हलका असतो. तो कमरेपर्यंत जातो आणि तरंगतो. मरतो तो भरतीच्या पाण्यानं, उन्हानं किंवा दमून.

आमच्या खालच्या मजल्यावरचे निवृत्त चित्रकला शिक्षक ऐकायला होते. ते म्हणाले, "म्हणजे सिनेमात शेवटी टोपीच उरते, ते खोटं?"

"साफ खोटं."

पुढच्याच आठवड्यात, ऐन मे महिन्यात, आम्ही दोघं खडकवासल्याच्या पलीकडे गेलो. त्यांना सकाळच्या उन्हात बगळ्यांची चित्रं काढायची होती. धरणाचं पाणी मागे हटलं होतं आणि काठावरचा करडा गाळ वरून वाळून तडकला होता.

"रुतणार नाही ना हो?" त्यांनी विचारलं.

"रुतलात तरी कमरेपर्यंतच. व्याख्यान ऐकलंत ना?"

ते निघाले. चारेक पावलांवर एक पाय गुडघ्यापर्यंत गेला. तो काढायला जोर लावला तसा दुसरा मांडीपर्यंत.

"अहो, हात द्या."

मी खडकावर उभा होतो. खडकाच्या टोकाशी आडवा झालो असतो तर हात पोचला असता. मी म्हणालो, "हात देऊन उपयोग नाही. ओढलं तर खांदा निखळेल, पाय निघणार नाही. मागे झुका."

"झुकतो हो. पण हात द्या."

"त्यामागचं कारण असं आहे..." मी सुरुवात केली आणि कारण पूर्ण सांगितलं. तोवर त्यांनी हात मागणं बंद केलं होतं.

म्हशी पाण्यावर आणलेली एक बाई धावत आली. काठावर उपड्या ठेवलेल्या होडीजवळची फळी तिनं गाळावर टाकली, तिच्यावर पालथी झाली आणि आधी त्यांचं मनगट धरलं. ओढलं नाही.

"हाय मी, काका. आता मागं रेला. पाय हलकं हलकं हालवा, वडू नगा."

मी सांगितलं होतं तेच ती सांगत होती. अर्ध्या तासानं ते बाहेर आले, एक बूट आत ठेवून. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"तुमचं कोन लागत्यात?"

"शेजारी."

"मंग हितनं काय बघत व्हता?"

परत येताना गाडीत ते उरलेल्या बुटावरचा गाळ खरवडत होते. मी म्हणालो, "बघा, कमरेपर्यंतसुद्धा गेला नाहीत."

"हो. आपलं बरोबर निघालं." एरवी 'तुमचं' म्हणणारे ते इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच परक्यासारखं 'आपलं' म्हणाले.

संध्याकाळी मी माफी मागायला त्यांच्या दारात गेलो. ते उंबऱ्याशीच उभे राहिले. मनगटावर त्या बाईच्या बोटांचे वळ अजून लाल होते.

"ओढा असं नव्हतो म्हणत मी," ते म्हणाले. "ओढून उपयोग नाही, हे मला ठाऊक होतं. तुम्हीच शिकवलंत."

"हो, पण मी जर वाकलो असतो आणि माझाही तोल..."

ते ऐकत होते. त्यांनी मला मध्ये तोडलं नाही, आणि वाक्य पुढे किती लांब जाणार आहे ते मला दिसलं. ते मी तिथंच सोडलं. माफी मात्र तेव्हाही तोंडातून निघाली नाही. "बूट कुठल्या मापाचा हो?" एवढंच विचारलं.

"राहू द्या," ते म्हणाले.