ओरेस्टची बस मागे का जात नव्हती

ओरेस्ट पाझ्युकच्या बसला पुढे जायचे चार गिअर होते आणि चारही अजून लोण्यात सुरी गेल्यासारखे पडायचे. मागे जायचा एकच होता आणि तो दोन वर्षं पडत नव्हता. एवढ्याशा कारणासाठी माणूस आपल्या संसाराचा नकाशा किती बदलू शकतो, हे कॅनडातल्या डॉफिन गावच्या लोकांनी त्या दोन वर्षांत डोळ्यांनी पाहिलं. पूर्वी त्याच्या फाटकातून आत गेलं की वाट गॅरेजपाशी संपायची. मग ती वाट घराला वळसा घालून मागे गेली, त्याच्या बायकोच्या, स्टेफकाच्या, बिटाच्या आणि शेपूच्या वाफ्यांवरून गेली, आणि पलीकडच्या कुंपणात नवीन फाटक पाडून पुन्हा रस्त्याला लागली. त्या वर्षी पाझ्युकांच्या घरी बोर्श्टला, म्हणजे बिटाच्या सुपाला, बीट बाजारातून आले. बायकोने त्यावर काय म्हटलं ते ओरेस्टला आठवत नाही. त्याच्या मते ती काहीच म्हणाली नाही.

बस छप्पन साली बांधलेली, रुपेरी पत्र्याची, पस्तीस फुटी. ओरेस्टने तिच्यावर विनिपेग–डॉफिन मार्गावर एकोणीस वर्षं काढली होती. कंपनीने ती भंगारात काढली तेव्हा सहकाऱ्यांनी वर्गणी काढून त्याला घड्याळ द्यायचं ठरवलं होतं. त्याने घड्याळ नको म्हणून सांगितलं आणि बस विकत घेतली. बाकं काढून आत दोन पलंग टाकले, स्टोव्ह बसवला, स्टेफकाने फुलाफुलांचे पडदे शिवले. निवृत्तीनंतर दोघं तिच्यातून रॉकी पर्वतापर्यंत जाऊन आली. माणूस हट्टी होता, पण हात सोन्याचा. गावात कुणाचा ट्रॅक्टर अडला तर ओरेस्टला बोलवायचे, आणि तो पैसे न घेता, पण चुका मात्र भरपूर दाखवून, दुरुस्त करून द्यायचा.

आता या बसची खोड सांगायला हवी. तिच्यात रिव्हर्सला स्वतंत्र जागाच नाही. दांडा पहिल्या गिअरच्या खाचेतच जातो. फक्त त्याआधी डाव्या हाताचं एक बटण दाबून धरायचं. मग पार मागे, गिअरबॉक्सला लावलेली विजेची कॉइल एक लोखंडी खिट्टी ओढून घेते, टक असा आवाज होतो, आणि त्यानंतर तोच पहिला गिअर बसला मागे नेतो. टक झाल्याशिवाय दांड्याला हात लावायचा नाही. खिट्टी अर्धवट ओढली गेली असेल तर गिअरचे दात जातात, आणि ते दात आता जगात कुठे मिळत नाहीत. मुळीच ओढली गेली नसेल तर बस पुढे जाते. आणि ज्याला मागे जायचं असतं, त्याच्या पुढे बहुधा भिंत असते. ओरेस्ट कामावर नवीन असताना एका ड्रायव्हरने टकची वाट न पाहता दांडा टाकला आणि बस तिकीटघरात नेली. तिथला कारकून सूप पीत होता. त्याला काही झालं नाही, पण त्याने सूप कायमचं सोडलं. तेव्हापासून ओरेस्टचा नियम पक्का होता: बटण, टक, मग दांडा.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी त्याने बटण दाबलं आणि टक झालं नाही. त्याने पाचदा दाबलं. मग इंजिन बंद करून दाबलं. मग बायकोला बटणावर बसवून स्वतः खाली शिरला आणि ऐकत पडून राहिला. काही नाही. तारा तपासल्या, वीज कॉइलपर्यंत नीट पोचत होती. म्हणजे कॉइल गेली. त्याने ओहायोमधून दुसरी मागवली. ती बसवली, बटण दाबलं, शांतता. ती परत करून तिसरी आणली. तीही मुकी निघाली. हल्ली कुठलीच वस्तू धड येत नाही, असं त्याने जाहीर केलं, आणि ते त्याला पटतही होतं, कारण एकूण जगच त्याला हल्ली ढिलं झालेलं दिसत होतं. टीव्हीत दम राहिला नव्हता. चर्चमधले नवे फादर नुसते ओठ हलवायचे. बँकेतली बाई तोंडातल्या तोंडात पुटपुटायची. एक घर मात्र सुधारलं होतं. बेचाळीस वर्षांच्या संसारानंतर स्टेफका शांत झाली होती, आणि बायको वयानुसार समंजस होते असं तो मित्रांना सांगत असे.

रिव्हर्सशिवाय जगणं त्याने अंगी बाणवलं. जिथून सरळ पुढे बाहेर पडता येईल तिथेच तो जाई. दुकानं त्याने पुढच्या-मागच्या दारांवरून निवडली. नव्या डॉक्टरांच्या दवाखान्याला वळायला जागा नाही म्हणून तो आजारी पडायचा थांबला. एकदा गिल्बर्ट प्लेन्सच्या बाजूला एक रस्ता अचानक संपला, तेव्हा त्याने शेतकऱ्याला विनवून कुंपण काढायला लावलं आणि बस कॅनोलाच्या पिवळ्याजर्द पिकातून तीन किलोमीटर चालवून पलीकडच्या हायवेला काढली. शेतकरी चिडण्याऐवजी इतका चकित झाला की त्याने दोघांना जेवायला ठेवून घेतलं. ओरेस्ट हा किस्सा मोठ्या अभिमानाने सांगे. स्टेफका तो सांगताना दुसरीकडे बघे.

ईस्टरला तिने विषय संपवला. यावेळी ती त्याच्या अगदी समोर बसून, एकेक शब्द टेबलावर ठेवल्यासारखा बोलली, म्हणून त्याला सगळं समजलं. ब्रँडन शहरातल्या एका माणसाला बस हवी होती. चाकं काढून, जमिनीत बसवून तो तिच्यात कॉफीचं दुकान काढणार होता. ऑगस्टच्या मेळाव्यापर्यंत बस मागे गेली तर ठीक, नाहीतर मेळाव्याच्या रविवारी दुपारी तो माणूस येऊन ती घेऊन जाईल. कागद स्टेफकाच्याही नावावर होते. चाकं काढलेली बस म्हणजे ओरेस्टच्या लेखी पुरलेली बस होती. पण वरवर त्याने हसून दाखवलं आणि चौथी कॉइल मागवली.

जुन्या बसवाल्यांचा मेळावा दर ऑगस्टला जत्रेच्या मैदानावर भरतो. तिथली रीत अशी की सगळ्या बसेस उलट्या चालवत आणून एका ओळीत लावायच्या, तोंडं बाहेर, आणि मग फोटो. दोन वर्षं ओरेस्टची बस त्या फोटोत लांब कोपऱ्यात, पाहुणी आल्यासारखी उभी होती. या वर्षी शनिवारी सकाळी त्याने वेगळंच केलं. ओळीत दोन बसेसच्या मध्ये जागा होती, पाठीमागे धान्याच्या कोठाराची भिंत. सगळ्यांच्या देखत त्याने बस नाकासमोर आत घातली आणि भिंतीपासून वीतभर अंतरावर नेऊन थांबवली. मग खाली उतरून हात झटकले. आता ब्रँडनवाल्याने नेऊन दाखवावी, म्हणाला. जी बस बाहेरच निघत नाही ती विकणार कशी.

"मागून साखळी लावून ओढतील," स्टेफका म्हणाली.

नवऱ्याला आपण जिंकल्याचं समाधान इतकं झालं होतं की तो मान डोलावत निघून गेला.

रविवारी सकाळी मात्र त्याचा धीर सुटला. नेस्टर डुत्का हा त्याचा जुना जोडीदार. दोघांनी एकाच मार्गावर उलटसुलट पाळ्या केल्या होत्या आणि तीस वर्षं एकमेकांना समोरून हात केला होता. नेस्टर आणखी तीन जाणकारांना घेऊन आला. एक आयुष्यभर रेल्वेचं इंजिन चालवलेला, एक मळणीयंत्रवाला, एक खाणीत सुरुंग लावणारा. पाचही जण सत्तरीच्या पुढचे, पाचही जण आपापल्या यंत्राच्या पोटाशी बसून म्हातारे झालेले. त्यांनी टोप्या काढल्या आणि पाठीवर सरपटत बसखाली शिरले. बाहेरून फक्त दहा बूट दिसत होते. बटणावर बसायला कुणी उरलं नाही, म्हणून स्टेफकाला हाक गेली. ती चर्चच्या निळ्या पोशाखात होती. बारा वाजता ब्रँडनवाला येणार होता आणि साडेदहा झाले होते.

तिने बटण दाबलं. मग खिडकीतून डोकं काढून सांगितलं की वाजलं. खाली पाच जण श्वास रोखून ऐकत होते. थोड्या वेळाने ओरेस्टचा आवाज आला, आता दाब म्हणून. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा वाजलं. पुन्हा सांगितलं. खाली मत घेतलं गेलं. नेस्टर म्हणाला, शांत आहे. मळणीवाला म्हणाला, अगदी शांत. सुरुंगवाला म्हणाला की इतकी शांत कॉइल त्याने जन्मात ऐकली नाही. इंजिनवाल्याला काय विचारलं तेच कळलं नव्हतं, पण बहुमत बघून त्यानेही मान हलवली. पाच जाणकारांचं एकमत झालं: चौथी कॉइलही मेलेली. पाचवी मागवावी.

स्टेफका सीटवर बसून राहिली. पुरुष तिचं ऐकत नाहीत हे तिला नवीन नव्हतं. त्या मैदानावरच्या कुठल्याही बाईला नव्हतं. पण पाच जण एकदम, एकसुरात, तोंडावर खोटं बोलतील हे तिला पटेना. ती खाली उतरली, बसच्या मागच्या बाजूला गेली आणि वाकून त्यांचे चेहरे बघायला लागली. नेस्टरला तिने बाहेर काढून बटणावर पाठवलं आणि दाबून दाखवायला लावलं. टक. खणखणीत. कोठाराच्या छपरावरची कबुतरं उडाली. खाली चार चेहरे देवळात बसल्यासारखे स्थिर. नवऱ्याच्या पापणीचा केससुद्धा हलला नाही.

तेव्हा तिला कळलं. ती गुडघ्यांवर बसली, निळ्या पोशाखासकट गवतावर आडवी झाली, सरपटत त्याच्या शेजारी गेली, आणि त्याचा हात धरून कॉइलवर ठेवला. मग नेस्टरला आरशात दिसेल असा बाहेर हात हलवला.

ओरेस्टच्या तळव्याला धक्का बसला. त्याने हात झटकन मागे घेतला, मग पुन्हा ठेवला. पुन्हा धक्का. लोखंड आत सरकत होतं, पूर्ण, शेवटपर्यंत, नव्या कॉइलला शोभेल अशा जोराने. आवाज मात्र कुठेच नव्हता. मग त्याने मान वळवून बायकोकडे पाहिलं. तिचा चेहरा वीतभर अंतरावर होता.

"हे वाजतंय?" त्याने विचारलं.

"वाजतंय."

"कधीपासून?"

"कधी बंदच नव्हतं पडलं."

त्याला राग आला. चार कॉइल, पाडलेलं कुंपण, कॅनोला, दवाखाना, सगळं एकदम आठवलं. "मग दोन वर्षं सांगायचं नाहीस?"

"सांगत होते," स्टेफका म्हणाली. "दर वेळी."

बाकीच्या तिघांना या बोलण्यातलं काही कळलं नाही. पण त्यांनी तिला हात ठेवताना पाहिलं होतं, म्हणून पाळीपाळीने त्यांनीही हात ठेवला. सुरुंगवाला बाहेर येऊन गवतावर बसला आणि त्याने आपल्या बायकोकडे, ती लांब तंबूत बटाटा भरलेल्या पेरोगी करंज्या वाढत होती, जरा घाबरूनच पाहिलं.

अकराला ओरेस्ट गाडीवर चढला. स्टेफका पार मागे जाऊन उभी राहिली, जिथे टक पायाखाली वाजतो, आणि आरशात त्याच्याकडे बघत राहिली. त्याने इंजिन चालू केलं, बटण दाबलं. पुढे वीतभरावर भिंत होती. आरशात तिने हात वर केला. ओरेस्टने आयुष्यात पहिल्यांदा न ऐकता दांडा टाकला. क्लच सोडला. बस किंचित कुरकुरली आणि मागे गेली. मैदानावर टाळ्या वाजल्या, निदान हात तरी जुळताना दिसले. मैदानाच्या मधोमध येऊन त्याने बस थांबवली आणि वळवून ओळीत लावायची सोडून इंजिन बंद केलं. मग पुढची सीट सोडून मागे गेला आणि पलंगावर तिच्यासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसला.

"आणखी काय काय सांगितलंस?" त्याने विचारलं. "पहिल्यापासून सांग."

"आत्ता? तो माणूस येईल बाराला."

"येऊ दे."

ती सांगायला लागली. आवाज चढवावा लागत होता, त्यामुळे पाझ्युकांची दोन वर्षं सगळ्या मैदानाला ऐकू गेली. बीट गेल्याचं दुःख, पाहिजे होता तो पंखा, धाकट्या बहिणीशी झालेलं भांडण आणि मिटलेलं भांडण. त्याने प्रत्येकावर मान हलवली. काही गोष्टींवर त्याने त्या वेळी "बरं" म्हटलं होतं असं कळलं, आणि काहींवर हसला होता. बसबाहेर ब्रँडनवाला येऊन उभा राहिला, थोडा वेळ ऐकलं, आणि कुणी दार उघडत नाही असं पाहून पेरोगीच्या रांगेत जाऊन लागला.

मग स्टेफका थांबली. पडद्याची कड नीट केली.

"गेल्या नोव्हेंबरात," ती म्हणाली, "मी विनिपेगला गेले होते. तपासायला. छातीत गाठ लागली होती हाताला. दारात कोट घालून उभी राहिले आणि तुला सांगितलं. तू बसखाली होतास. म्हणालास, येताना ग्रीसचे दोन डबे आण."

ओरेस्ट तिच्या तोंडाकडे बघत राहिला. दोन डबे त्याला आठवत होते. ते ग्रीस चांगलं निघालं होतं.

"एकटी गेलीस," तो म्हणाला.

"एकटीच गेले."

"काय निघालं?"

"काही नाही निघालं. साधी गाठ होती."

"काय?"

"काही निघालं नाही, ओरेस्ट."

त्याने तिचे दोन्ही हात धरले आणि पुन्हा विचारलं, काय निघालं म्हणून. तिने पुन्हा सांगितलं, आणखी मोठ्याने, पेरोगीच्या रांगेने माना वळवल्या इतक्या मोठ्याने. त्याला पहिल्या वेळीच समजलं होतं. तरी तो विचारत राहिला, आणि ती दर वेळी सांगत राहिली.