टाचेवरचा डाग

त्या काळी मी टपालाची थैली घेऊन माढ्याहून टेंभुर्णीला पळत जायचो आणि दुसऱ्या दिवशी पळतच परत यायचो. पायात वहाण नसायची आणि वाट सगळी खडीची. तिसऱ्या वर्षी गुडघे कुरकुरायला लागले. टाचेमागची धोंडशीर रात्रीतून अशी आखडायची, की सकाळी भिंत धरून चालावं लागे. सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या डॉक्टरला दाखवलं. महिनाभर पळायचं नाही, असं त्याने चिठ्ठीवर लिहून दिलं. टपालमास्तरांनी चिठ्ठी वाचली, वाकून माझे पाय पाहिले. "धडधाकट तर आहेत की!" म्हणाले आणि थैली माझ्या हातात दिली.

आम्ही मेंढरं राखणारे. लंगडणाऱ्या मेंढराला डाग द्यायचा, एवढंच औषध आमच्या घराला ठाऊक. वडिलांनी विळा चुलीत घातला तसा मी भडकलो.

"मी काय मेंढरू हाय व्हय?"

त्यांनी माझा पाय मांडीखाली दाबून धरला. टाचेवर डाग बसला आणि चार दिवसांत चिघळला. तो बघून मास्तरांनी तोंड फिरवलं आणि महिन्याची रजा दिली. महिनाभर पडून राहिलो, तेव्हा कुठे शीर मोकळी झाली.

मी वडिलांना सुनावलं, "तुमच्या डागानं न्हाय, निजून बरा झालो मी."

विळ्याला धार लावता लावता ते म्हणाले, "ते मला कळत न्हाय व्हय? पर आतलं दुकनं मास्तरला दिसत न्हाय. डाग दिसतो की."