दुखण्याच्या आधी पोचणारी सगुणा

भांडुपला आमच्या चाळीत शेवटच्या खोलीत सगुणा राहायची. एका मोठ्या हॉस्पिटलात तीस वर्षं आया होती. चौऱ्याऐंशी साली रिटायर झाली आणि आठच दिवसांत घरी बसून वैतागली. मग "आता घरी न्या, आमच्या हातात काही नाही" असं सांगून डॉक्टरांनी पाठवलेलं माणूस आसपास आलं, की ही बोलावण्याची वाट न बघता त्याच्या दारात हजर. बायका तिला पाठीमागं यमाची मावशी म्हणायच्या. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. मी मात्र एकदा सांगून टाकलं.

"म्हणू देत गो," ती म्हणाली. "मी नाय गेलंय तरी तो जातलोच. मी गेलंय तर निदान बोंबलत जावचो नाय."

माझ्या शेजारच्या खोलीतला काशीराम त्या श्रावणात असाच घरी आला. पोटाचा कॅन्सर. पन्नाशीचा गडी, कारखान्यात फिटर, पण उचलून आणला तेव्हा लहान मुलाएवढा झालेला. आल्या आल्या बायकोला, रत्नप्रभाला, एवढंच म्हणाला, "आता मला परत तिकडे नेऊ नका. मला माझ्या खाटेवर राहू दे."

सगुणाने आधी ती खाटच विटांवर चढवली. रत्नप्रभा म्हणाली, "कशाला हो सगुणाबाई? पडतील ना ते!"

"तो नाय पडूचो. पण पुढच्या आठवड्यापासून त्याला दोन-दोन तासांनी कुशीवर वळवायचंय. तेव्हा तुझी कंबर मोडली तर दोघांना कोण बघणार? मी एकच आहे."

दुखण्याच्या गोळ्या दर चार तासांनी द्यायच्या होत्या. पहिल्या गोळीबरोबरच तिने एरंडेल पाजलं. काशीराम तोंड वाकडं करून म्हणाला, "पोट साफ आहे माझं."

"आज आहे. ह्या गोळ्यांनी चार दिवसांत बसेल. मग मला शिव्या घालशील. त्यापेक्षा आत्ताच घाल."

त्याने घातल्या. ती खूश झाली. म्हणाली, जीव आहे अजून.

तिसऱ्या दिवशी तो दुपारचा असा कण्हायला लागला, की मी हातातलं लाटणं टाकून धावले. सगुणा आली, उशी उचलली, तर खाली पाच गोळ्या. आमच्या कोकणी माणसाची खोड. चांगली वस्तू वापरायची नाही, ठेवून द्यायची. नवी चादर पाहुण्यांसाठी, काजूगर सणासाठी, आणि गोळ्या म्हणे पुढे जास्त दुखेल तेव्हासाठी!

"मेल्या, दुखूची वाट कित्याक बघतंस? ता काय पाव्हणो आसा?" सगुणा कडाडली. "एकदा ते वर चढलं की पाच गोळ्यांनीही उतरायचं नाही. ते यायच्या आधी आपण पोचायचं."

माझ्या घरचं गजराचं घड्याळ तिने न विचारता नेलं. तेव्हापासून आमच्या ह्यांना मी हाताने हलवून उठवायची.

ती पुढचं पुढचं बघत राहायची. तो धड जेवत होता तेव्हाच जाऊन डॉक्टरांना विचारून आली, की गिळता येईनासं झालं तर गोळी कशी द्यायची. पाण्यात विरघळवून गालात सोडायची, असं त्यांनी सांगितलं. ओठ ओले करायला कापूस कापून डब्यात भरून ठेवला. एके दिवशी पोस्टकार्ड घेऊन माझ्याकडे आली. "तुका लिहूक येता मां? लिही." माझं अक्षर म्हणजे कोंबडी पाटीवरून चालून गेल्यासारखं. पण लिहिलं. गावाला महादूला, काशीरामच्या मामेभावाला. काय ते सांगतेच.

गणपतीला आठ दिवस राहिले आणि वाकोल्याहून काशीरामचा थोरला भाऊ भाऊराव टॅक्सी घेऊन आला. दारातूनच म्हणाला, "रत्नप्रभा, कपडे भर. ॲडमिट करू. सलाईन लावतील, गणपती होईपर्यंत तरी टिकेल."

काशीरामने खाटेची पट्टी धरली. बोलवत नव्हतं त्याला. डोळे फक्त सगुणाकडे.

ती उठली आणि दारात आडवी बसली. उभी नाही, बसली. फतकल मारून.

"सगुणाबाई, बाजूला व्हा. गावाला भावकीच्या बारा घरांचा एकच गणपती आहे आमचा. सुतक पडलं तर कोण बसवणार? वर्षाचा सण हो!"

"म्हणून ह्याला सुया टोचून ताटकळत ठेवायचं? तुझ्या मोदकांसाठी?"

"तुम्ही कोण सांगणार? मी थोरला भाऊ आहे!"

"मग थोरल्यासारखो वाग! ह्या घे." तिने चोळीतून घडी केलेलं कार्ड काढून त्याच्या हातात दिलं. महादूचं उत्तर होतं. मी भावकीतला नाही, मला सुतक नाही, वेळ आली तर मूर्ती मी आणतो, पूजा मी करतो, काळजी नसावी.

भाऊरावने दोनदा वाचलं. "हे कधी विचारलंत?"

"तुका सुचायच्या पंधरा दिवस आधी. आता टॅक्सी परत धाड, नाहीतर माझ्या अंगावरून जा. मी उठूची नाय."

चाळ सगळी गोळा झाली होती. कुणी हसलं नाही. भाऊराव खाली गेला, टॅक्सीवाल्याला पाठवून वर आला आणि खाटेच्या पायथ्याशी टेकला. काशीरामने पट्टी सोडली.

चौथ्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास, तो त्याच खाटेवर गेला. रत्नप्रभा ओठ ओले करत होती. आवाज नाही, तडफड नाही. मी शेजारी होते तरी मला कळलं नाही. सगुणाला कळलं. तिने घड्याळाचा गजर बंद केला.

स्मशानातून आल्यावर भाऊराव गॅलरीत सगुणासमोर उभा राहिला. मान खाली. "त्रास झाला का हो त्याला?"

आमच्यापैकी कुणीही नाही म्हणालं असतं. सगुणा म्हणाली, "झाला. उशीखाली गोळ्या लपवल्यान त्या दिवशी खूप झाला. त्यानंतर येऊक बघी होता, पण आम्ही येऊक दिला नाय."

भाऊराव रडायला लागला, तसं तिने त्याला नळाकडे ढकललं. "जा, आंघोळ कर आधी." मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हिने पिठलं केलंय, खारट असेल, पण गरम आहे."

खारट नव्हतं.