रुक्मीचं माप

चार बायका रोज दोन तास एका खोलीत घाम गाळायला लागल्या, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. डब्याच्या झाकणाला भुकटी चिकटते तसे ते चिकटत जातात, पुसले तरी बोटाला लागतात. आमच्या किस्स्यांची गंमत अशी, की अर्ध्यापर्यंत ऐकणारी पोट धरून हसते आणि पुढच्या अर्ध्यात उठून दिवा लावते. भर दुपारी!

आमची जिम म्हणजे पूर्वीची तालीम. सकाळ-संध्याकाळ तिथे पोरं वजनं आपटतात. दुपारी दोन ते चार, सोलापूरच्या उन्हात कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही, तेव्हा बायकांची बॅच. दुपारची किल्ली माझ्या कमरेला. मी सुभद्रा, वय चौऱ्याहत्तर. तीस वर्षं चादरीच्या मागावर काढली. शाळा तिसरीत सुटली, इंग्रजी शिकले ती सुताच्या पेट्यांवरची लेबलं वाचून. त्यामुळे लेबलाच्या बाबतीत मला कुणी शहाणपण शिकवायचं नाही!

बाकीच्या तिघी. रुक्मी, माहेर केम गावचं, मागावर माझ्या शेजारी उभी राहणारी. ललिता, घरी तेलुगू बोलणारी, चाळीस वर्षं विड्या वळलेली. आणि मेहरून, बोलणं निम्मं मराठी, निम्मं उर्दू. शिकवायला पूजा. पोरगी चोवीस वर्षांची, आवाज फौजदाराचा.

मेहरून टायफॉइडमधून उठली तेव्हा बुरखा तेवढा उरला होता, आत बाई होती की नाही शंका यावी. पायांत जीव नाही. जमिनीवर बसली की उठवायला दोघी लागायच्या. नमाजही खुर्चीवर. तिचा मुलगा सलीम हैदराबादला. त्याने फोनवर अट घातली, "अम्मी, बकरी ईदच्या आधी येतो. जमिनीवरून एकटी उठून दाखव, कुणाचा हात न धरता. उठलीस तर राहा तिथेच. नाहीतर घराला कुलूप, आणि तू माझ्यासोबत."

मेहरून रडली नाही. मला एवढंच म्हणाली, "आक्का, उस घर में मैं दुल्हन बनके आयी. मैं नै जाती."

रुक्मीने तिचा दंड धरला. "तुला उठिवल्याबिगर मी बी कुटं जात न्हाय. बघच तू!"

तेव्हा आम्ही सगळ्या हसलो होतो.

*

डॉक्टरांनी मेहरूनची किडनी वगैरे तपासून घेतली आणि सांगितलं, "डाळ, अंडी, शेंगदाणे खा. कमी पडतंय तर वर एक माप व्हे प्रोटीन घ्या. पण व्यायाम केलात तरच."

रुक्मीने डबा आणला आणि म्हणाली, मेहरून एकटी कशाला, आपण सगळ्याच पिऊ. आम्हीही डॉक्टरांना विचारून आलो. आणि पहिल्या दिवशी काय केलं? चहात घातलं! उकळत्या चहात! सोलापूरच्या बाईला चहाशिवाय दुसरं पेय सुचेल तर शपथ. क्षणात सगळं फाटलं, गुठळ्याच गुठळ्या.

पूजाने कपाळावर हात मारला. "आजी, गार पाण्यात! गार!"

मी चष्मा लावून लेबल वाचलं. "व्हे म्हणजे पनीर गाळल्यावर खाली उरतं ते पाणी. त्याचीच ही भुकटी."

रुक्मी किंचाळली, "अगं ते पाणी केमात आमी म्हशीला पाजायचो की!"

"मग?" पूजा म्हणाली. "तुमची म्हैस उठताना कुणाचा हात मागायची का?"

रुक्मीने चमचा उचलला. आणि चहातल्या सगळ्या गुठळ्या खाल्ल्या. फुकट घालवणं तिच्या रक्तात नव्हतं.

*

एकदा डब्यातलं माप सापडेना. ते तळाशी भुकटीत बुडालेलं असतं हे आम्हाला नंतर कळलं. ललिता म्हणाली, "माप कशाला पायजे? हात हाय की."

तिने चिमटीने, मग मुठीने भुकटी काढली. पूजाने स्वयंपाकाचा काटा आणला. लेबलावर लिहिलेल्या वजनाइतकं, बरोबर एक माप. पुन्हा काढली, पुन्हा तेवढीच. दहा वेळा! विडीत तंबाखू जास्त गेली तर कारखानदार विडी फेकून देतो, कमी गेली तरी फेकतो. चाळीस वर्षांत तो हात चुकायचं विसरून गेला होता.

तेव्हापासून ललिता रोज डबा तळहातावर तोलायची आणि सांगायची, "अजून नऊ दिवसांचं हाय." नऊ म्हणजे नऊच दिवस पुरायचं. काटा आम्ही काढून टाकला. ललिताचा हात असताना काट्याला कोण विचारतंय?

*

पेल्यांवर नावं घालायची कल्पना रुक्मीची. भांड्याच्या दुकानातून चार स्टीलचे पेले आणले, चारही नावं कोरून घेतली. रांगेत उपडे ठेवायचे. दुसरीच्या पेल्याला हात लावायचा नाही.

रुक्मीच्या दोन खोडी होत्या. पूजाने दहापर्यंत मोजलं की ही कोपऱ्यातून ओरडायची, "अकरा!" आणि मग ते अकरावं सगळ्यांनी काढायचं. दुसरी खोड म्हणजे ज्या दिवशी जड वजन असेल त्या दिवशी ही दोन मापं घ्यायची.

"आजी, एकच सांगितलंय!" पूजा ओरडायची.

"रोज एकच घेते की गं. आज जड उचलायचंय, आज दोन!"

दिवाळीनंतर रुक्मी भाचीच्या लग्नाला केमला गेली. अक्षता पडल्या, ती मांडवातल्या खुर्चीवर टेकली, आणि जेवायला उठवायला गेले तर उठलीच नाही. एवढंच. आजार नाही, काही नाही.

दहावा झाल्यावर आम्ही तिघी जिममध्ये आलो. तिचा पेला कुणी हलवला नाही. राहू दे, म्हटलं, रांगेत.

*

पंधरा दिवसांनी मी पेले पुसायला घेतले. माझा कोरडा. ललिताचा, मेहरूनचा कोरडा. रुक्मीचा ओला. आतून, तळाला पांढरा ओघळ.

"कुणी पिलं गं यातून?"

कुणीच नाही. मी पेला घासला, उपडा ठेवला. दुसऱ्या दिवशी कुलूप माझ्याच हाताने उघडलं. पेला ओला.

त्याच दिवशी ललिताने डबा तोलला आणि तिचा हात थांबला. "आक्का, एक माप कमी हाय."

"तुझा हात म्हातारा झाला."

ललिता माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी तिच्या आईवरून काही बोलले. काटा परत आणला. एक माप कमी!

आधी मी पूजावर आळ घेतला. ती बिचारी दोन दिवस बोलली नाही. मग सकाळच्या पोरांवर. डबा कपाटात ठेवून कुलूप लावलं, किल्ली माझ्याजवळ. तरी रोज एक माप कमी.

मग मी माझी विद्या काढली. मागावर तुटलेला धागा जोडायची एक गाठ असते. मी ती माझ्या पद्धतीने मारते, डाव्या बोटाने आत घेऊन. दुसऱ्याने सोडली तर तशीच परत बांधता येणं शक्य नाही. डब्याला सूत गुंडाळलं, गाठ मारली, कपाटाला कुलूप घातलं.

दुसऱ्या दिवशी गाठ जशीच्या तशी. ललिताने डबा तोलला. "एक कमी."

मी त्या गाठीकडे बघत बसले. ती गाठ मी जन्मात एकाच बाईला शिकवली होती, मागावर, माझ्या शेजारी उभी असायची तिला.

"सूत काढ," मेहरून म्हणाली. "बिचारी को रोज गाठ खोलना पडता."

सूत काही मी काढलं नाही. मी माघार घेणारी बाई नव्हे. पण त्या दिवसापासून नवा डबा आणताना ललिता चौघींचा हिशेब धरून दिवस सांगायला लागली.

*

मेहरूनचं मात्र बरं चाललं होतं. आधी खुर्चीवरून हात न टेकता उठायला लागली. मग बुटक्या स्टुलावरून. मग पायरीवरून. जमीन तेवढी राहिली होती. जमिनीवरून गुडघा उचलायची आणि तिथेच अडकायची. ईद जवळ येत होती.

एक दिवस पूजा म्हणाली, "आजी, मी दहा सांगते. तुम्ही अकरा का काढता?"

मेहरून घाम पुसत म्हणाली, "किसी ने बोली ना, अकरा."

"कुणी?"

मेहरूनने कोपऱ्याकडे बघितलं. तिथे डंबेलचा रॅक होता, बाकी काही नव्हतं. मग ती पाणी प्याली आणि पुन्हा बसली.

पूजा त्या दिवसापासून आमच्या आधी जिममध्ये शिरत नाही. दारात उभी राहून फौजदाराच्या आवाजात म्हणते, "आधी तुम्ही जा, आजी."

*

सलीम आला तो शुक्रवार होता. नमाज पढून, जेवून, सरळ जिममध्ये. पोरगा वाईट नाही. आईच्या काळजीने वाळला होता. खिशातून दोन तिकिटं काढून बाकावर ठेवली, त्याची आणि तिची.

"खाला," मला म्हणाला, "तुम्ही कुणी जवळ जायचं नाही."

"आम्हाला सांगायची गरज नाही," मी म्हटलं. मी, ललिता आणि पूजा समोरच्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिलो. त्या दिवशी डबा अजून कुणी उघडला नव्हता. आधी मेहरून, मग पिणं, असं ठरलं होतं.

मेहरून चटईवर बसली. बिस्मिल्ला म्हणाली. उजवा गुडघा वर घेतला, पाय रोवला, अर्धी उठली.

आणि अडकली.

मांडी थरथरायला लागली. नेहमी इथूनच ती खाली यायची. ओठ पांढरे पडले होते. सलीम बाकावरून उठला तशी मी ओरडले, "बस खाली! ती पडली तर पडू दे, पण तू हात लावलास तर याद राख!"

तो बसला.

मग मेहरूनचा लोंबकळणारा उजवा हात वर आला. कोपरात वाकला आणि हवेत थांबला, कुणी तरी दंड धरून पेलावा तसा. मांडीची थरथर थांबली. ती उठत गेली, सावकाश, सरळ, आणि उभी राहिली. दोन्ही पायांवर. मग हात खाली आला.

ललिता तोंडात पदर धरून रडत होती. पूजाने टाळी वाजवायला हात उचलले होते.

"हे चालणार नाही," सलीम म्हणाला.

"काय चालणार नाही?"

"मी सांगितलं होतं, खाला, हात द्यायचा नाही. त्या मावशींनी दंड धरून उठवलं. मी बघितलं ना!"

"कुठल्या मावशींनी?"

"त्या..." त्याने बोट उचललं. मेहरूनच्या शेजारी कुणी नव्हतं. ते बोट तसंच आमच्याकडे वळलं. मी. ललिता. पूजा. तिघी भिंतीला चिकटून, दहा हात लांब. पुन्हा मी, ललिता, पूजा. मग त्याने ते बोट हळूच मुठीत घेतलं.

आईच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे तो बघत राहिला. शेवटी बाकावरची दोन तिकिटं उचलली, त्यातलं एक फाडलं.

"रहो, अम्मी," म्हणाला. "यहीं रहो."

"बोली थी ना मैं," मेहरून हसली. "आक्का, आता पाजा की! घसा सुखलाय."

मी कपाट उघडलं. सूत तसंच होतं, गाठ तशीच होती. गाठ सोडून डबा ललिताच्या तळहातावर ठेवला. तिने तोलला. दुसऱ्या हातावर घेऊन पुन्हा तोलला.

"एकच कमी ना?" मी विचारलं.

ललिताने मान हलवली.

"न्हाय, आक्का. आज दोन."